सासूबाईंचं कपाट

त्या घरात रोजच्या वापरातलं कुठलंही कपाट उघडायला दोन माणसं लागायची. एकानं दार ओढायचं आणि दुसऱ्यानं हात पसरून उभं राहायचं, म्हणजे आतून जे घसरेल ते डोक्यावर आदळायच्या आत झेलता यायचं. पाहुणे असले की शक्यतो कुणी काही काढायला जातच नसे.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि राहणारी माणसं चार. आबा, म्हणजे सासरे, आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीनं कामाला जायचा. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. आबा तिला पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणत, आणि त्यांचं ऐकून आता सगळी इमारतच तिला सूनबाई म्हणायची. चौथी सहा वर्षांची नात. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे तिचं नाव पडलं भिंगरी.

भिंगरीची पुस्तकं पलंगाखाली, रजया फ्रिजवर, इस्त्री भांड्यांच्या मागे आणि इस्त्रीच्या मागे छत्र्या. बॅगा कपाटांवर पार छताला टेकलेल्या. आणि एवढ्या दाटीवाटीत, आबा नि भिंगरी झोपायचे त्या खोलीत, अर्धी भिंत अडवून एक तीन दारांचं लाकडी कपाट उभं होतं. त्याला कुणी हात लावत नसे. ते सासूबाईंचं होतं.

सासूबाई दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. मुलानं एकदा विषय काढून बघितला होता. "आबा, आईच्या कपाटाचं काय करायचं?"

आबांनी रेडिओचा आवाज मोठा केला. मुलानं ओळखायचं ते ओळखलं. त्यानंतर कपाटाचं नाव निघालं नाही. सूनबाई तर कधी अवाक्षरही बोलली नाही. रजया फ्रिजवर चढवताना तिची दमछाक व्हायची, पण त्या बंद दारांकडे ती बघायचीसुद्धा नाही. शेजारणी म्हणायच्या, अशी समजूतदार सून शोधून सापडायची नाही.

त्या वर्षी थंडी अचानक पडली. भिंगरीचा गरम कोट वरच्या बॅगेत होता. सूनबाई खुर्चीवर चढली, एक बॅग धरून हळूच सरकवली, आणि तिच्यावरची दुसरी बॅग न बोलावता खाली आली. सूनबाईनं डोकं वाचवायला हात वर केला. मनगटातून कडकन आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचावरून पडलात?"

"मी नाही पडले. बॅग पडली," ती म्हणाली.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लॅस्टर बसलं. दुकानातून रजा घ्यावी लागली. घरी ती डाव्या हातानं जेवायची, भिंगरी तिची वेणी घालायची आणि वर स्वतःच "किती छान झालीय!" म्हणायची. वेणी कानामागून सुरू होऊन खांद्यावर कुठेतरी संपत असे.

आबा हे सगळं बघत होते. एरवी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी वाद घालणारा माणूस, पण त्या दिवसांत त्यांचं तोंड बंद झालं. सूनबाईनं डाव्या हातानं किटली उचलली की ते उठून तिच्या हातातून काढून घ्यायचे आणि परत जागेवर जाऊन बसायचे. रात्री पलंगावर पडलं की समोर ते कपाट. आतून बाहेरून भरलेल्या घरात सूनबाईच्या डोक्यावर बॅगा, आणि आपण इथे तीन दारं बंद करून बसलोय, हे त्यांना आतल्या आत खात होतं.

प्लॅस्टर कापायचा दिवस आला. भिंगरी शाळेत गेली. मुलगा सुट्टी काढून सूनबाईबरोबर दवाखान्यात गेला. आबांनी दाराला आतून कडी लावली, जुनं सामान गरजूंना देणाऱ्या एका संस्थेला फोन केला, आणि कपाट उघडलं.

त्यांनी काहीही बघितलं नाही. हे त्यांनी नंतर सांगितलं. प्रत्येक चळतीच्या मागे हात घालायचा आणि मान वळवून सगळं पुढे धरलेल्या गोणीत ओढायचं. "एक कपडा जरी नीट बघितला असता ना," ते म्हणाले, "तर एकही गोणी दाराबाहेर गेली नसती." दुपारी टेम्पो आला. टेम्पोवाल्यांनी गोण्या खाली नेल्या. आबा खिडकीत आलेसुद्धा नाहीत. त्यांनी फडकं ओलं केलं आणि रिकामे कप्पे पुसून काढले.

संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई घरात शिरली, तर आबा एखाद्या दुकानदारासारखे तिन्ही दारं सताड उघडून उभे.

"या, या! बोला, कुणाला कुठला कप्पा पाहिजे?" आवाज जरा चढाच लागला होता.

मुलानं आत डोकावून बघितलं. "आबा, एकट्यानं केलंत?"

"मग? इतकी वर्षं बस काय दुसऱ्याला विचारून चालवली?" आबा म्हणाले, आणि पुसलेलाच कप्पा परत पुसायला लागले. मुलानं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बापलेकांना याहून जास्त जमत नसे.

सूनबाई मात्र सरळ कपाटाशी गेली, गुडघे टेकून बसली, आणि प्लॅस्टरमधून नुकताच सुटलेला पांढराफटक हात डावीकडच्या अगदी खालच्या कप्प्यात पार मागपर्यंत फिरवला.

"आबा, इथे मागे एक अभ्रा होता. उशीचा. वर फीत बांधलेली."

"असेल. सगळंच दिलं, संस्थेच्या गोदामात गेलं. का गं, काही महत्त्वाचं होतं का?"

तिनं वर बघितलं. आबांच्या चेहऱ्यावर परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखा भाव होता.

"नाही हो," ती म्हणाली. "जुनाच होता." मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. नवऱ्यानं दार वाजवून विचारलं, तर म्हणाली हात दुखतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार झाली. "दुकानात तोंड दाखवून येते," म्हणाली. आबा चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. सूनबाई इमारतीतून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आबांनी कप खाली ठेवला. दुकानाकडे जाणारी बस अलीकडच्या थांब्यावरून सुटते. पलीकडची बस जाते शहराबाहेर, गोदामांकडे. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं नसतं, पण आबांनी तो रस्ता निम्मं आयुष्य तुडवला होता.

ते मोजे न घालता बुटात पाय घालून जिने उतरले. बस थांब्याला लागत असतानाच त्यांनी तिला गाठलं.

"कुठे निघालीस?"

"आबा, तुम्ही कशाला आलात? थंडी किती आहे."

"सूनबाई, मी विचारलं, कुठे निघालीस?"

मागची माणसं ढकलायला लागली. दोघंही बसमध्ये चढली. मागच्या बाकावर जागा मिळाली. बस सुटली तशी ती काचेबाहेर बघत बोलायला लागली.

भिंगरीच्या आधी एक मुलगा झाला होता, हे आबांना माहीत होतं. तो श्वास न घेताच जन्माला आला, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. सासूबाईंनी त्याच्यासाठी एक टोपी आणि एक स्वेटर विणून आणि एक दुलई शिवून ठेवली होती. दवाखान्यातल्या नर्सनं बाळाला त्याच दुलईत गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं होतं. नेताना नर्सनं दुलई परत दिली. घरी आल्यावर सूनबाईनं ते सगळं सासूबाईंच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, 'आई, हे माझ्या नजरेला पडू देऊ नका. पण टाकूही नका.' सासूबाईंनी काही विचारलं नाही. अभ्र्यात घातलं, फीत बांधली आणि कपाटात ठेवलं. दर हिवाळ्यात लोकरीच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकताना त्या स्वयंपाकघरात यायच्या आणि हळूच म्हणायच्या, 'जागेवर आहे हं.' तेवढंच. भिंगरी झाली, रांगली, चालायला लागली, तरी दरवर्षी तेवढंच.

"त्या गेल्यावर कपाट उघडायचा मला धीर झाला नाही," सूनबाई म्हणाली. "पण आत आहे, एवढं ठाऊक होतं. लोक म्हणायचे, सून किती समजूतदार, कपाट रिकामं करा म्हणत नाही. माझाच जीव त्यात अडकला होता, आबा."

आबांनी समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली होती. "आणि मी ते ओढून गोणीत घातलं."

"तुम्हाला काय माहीत? म्हणूनच काल बोलले नाही."

बस दोन-तीन थांबे पुढे गेली. मग आबा म्हणाले, "त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. मला कुणी कळवलंच नाही. संध्याकाळी गाडी आगारात लावली तेव्हा निरोप. पळत दवाखान्यात आलो तर सगळं उरकलं होतं. तुझी सासू दारातच म्हणाली, आत जा, पण तिला काही विचारू नका. म्हणून मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही विचारलं."

सूनबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड वळवलं. "मला वाटायचं, तुम्हाला तो विषयच नको असतो."

गोदाम म्हणजे पत्र्याचं एक भलंमोठं दालन. एका बाजूला गोण्यांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला निवडून टांगलेले कपडे. ज्यांना गरज असेल त्यांनी येऊन घ्यावेत. तिथली व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकून घेतलं. सूनबाईनं एवढंच सांगितलं होतं की चुकून लहान बाळाचे कपडे आले आहेत. पण बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचे प्रश्न गिळले.

"काल दुपारच्या गोण्या ना? थोड्या फोडल्यात, थोड्या तशाच आहेत. लहान मुलांचं आम्ही आधी काढतो. तुम्ही इथून बघायला लागा, मी तिकडे बघते."

दोघं कामाला लागली. आबा गोणी उचलून टेबलावर उपडी करायचे, सूनबाई चांगल्या हातानं चाळायची. परक्यांच्या चादरी, परक्यांचे पडदे, शाळेचे गणवेश, न शोभणाऱ्या रंगाचे टाय. मग एका गोणीतून आबांच्या ओळखीचा वास आला. त्यांनी गोणी सोडली आणि मागे सरले.

"तुम्ही बसा जरा," सूनबाई म्हणाली. "ही मी बघते."

आबा बसले नाहीत. ते चालत चालत पलीकडच्या बाजूला गेले, टांगलेल्या कपड्यांच्या रांगेकडे. तिथे आरशासमोर एक पन्नाशीतली बाई एक गर्द लाल कोट घालून बघत होती. आबा जागीच थबकले. तो कोट घालून त्यांची बायको कितीतरी वर्षं बाजारात गेली होती. सगळ्या गोण्यांमधून तेवढाच वर आला होता आणि सकाळीच टांगला गेला होता.

आरशात मागे उभा असलेला म्हातारा बघून बाई बाजूला सरकली. "तुम्हाला आरसा पाहिजे का?"

"नाही, नाही." आबांनी कोटाकडे बोट दाखवलं. "डाव्या खिशाला आतून भोक आहे. किल्ल्या ठेवल्या तर अस्तरात जातात. मग सगळा कोट झटकत बसावं लागतं. एक टाका घालून घ्या."

बाईनं खिशात हात घालून बघितलं. "तुमच्या घरातला आहे का हा?"

"हो."

"मग राहू दे," ती गडबडीनं बटणं काढायला लागली. "मी दुसरा बघते."

"घ्या, घ्या. घालाच." आबा म्हणाले. "तुम्हाला बाह्या बरोबर बसल्यात. तिला लांब व्हायच्या. दरवर्षी म्हणायची आखूड करून घेते, पण कधी केल्या नाहीत."

बाईनं बटणं परत लावली. आबा मान हलवून मागे फिरले आणि ढिगाऱ्याकडे येऊन त्यांनी पुढची गोणी उचलली.

अभ्रा त्यांना सापडला नाही. तो व्यवस्था बघणाऱ्या बाईंनाच मिळाला, रिकामा, धुवायच्या कापडांत. म्हणजे गाठोडं आधीच सोडलं गेलं होतं. सूनबाई अभ्रा हातात घेऊन स्टुलावर बसली. बाई परत आत गेल्या आणि दुरुस्तीला काढलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आल्या. "स्वेटरला बटणं होती का?"

"नाही," सूनबाई एकदम उठली. "बटणं लावायची राहूनच गेली होती."

"मग हाच बघा."

फिकट पिवळा, तळहाताएवढा स्वेटर. बटणांविना पुढे जायचा नाही म्हणून टोपलीत पडला होता, आणि जोडीची म्हणून टोपीही त्याच्यातच खोचलेली. सूनबाईनं दोन्ही छातीशी धरलं. मग विचारलं, "आणि दुलई?"

बाईंचा चेहरा उतरला. "ती चांगली असणार. चांगलं ते सकाळच्या गाडीनं प्रसूतिगृहात गेलं. फोन करू का? सांगितलं तर बाजूला ठेवतील, कदाचित."

"तिथे गेल्यावर लगेच वापरतात का?"

"या थंडीत? पोचल्या पोचल्या."

सूनबाई खाली बघत उभी राहिली. बाईंचा हात फोनवरच होता.

"राहू दे," शेवटी ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण फाटकापर्यंत गेल्यावर थांबली. "आबा, फोन करायला सांगू या का?"

"वळू या," आबा लगेच वळले.

"नको. थांबा." ती दोन पावलं पुढे गेली, परत थांबली. "ती त्याला गुंडाळलेली होती हो." आणि मग ती तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसून रडली. येणारे-जाणारे बघत होते. आबा तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहिले, पाठ रस्त्याकडे करून, म्हणजे कुणाला ती दिसू नये. फोन काही केला गेला नाही. त्याचं तिला पुढेही अधूनमधून वाईट वाटायचं, आणि अधूनमधून बरंही वाटायचं.

थांब्याशेजारी चहाची टपरी होती. आबांनी दोन कागदी पेले आणले. बस यायला वेळ होता. सूनबाईचं रडणं ओसरलं तसं त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "कसा होता गं दिसायला?"

हा प्रश्न तिला कुणीच कधी विचारला नव्हता. सख्ख्या आईनं नाही, नवऱ्यानं नाही. ती बोलायला लागली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं, की सगळं किती तयार होतं तोंडात. जावळ खूप होतं, अगदी कपाळावर आलेलं. एक कान जरा दुमडलेला. बोटं लांब. नखंसुद्धा वाढलेली.

"आणि नाक तुमचं," ती म्हणाली. "मला तेव्हासुद्धा वाटलं, बिचारा!"

आबांनी आपल्या भल्यामोठ्या नाकाला हात लावला. आधी तेच हसले. हसता हसता चहा सांडला, मग डोळे भरून आले, आणि दोघंही बराच वेळ नाक पुसत बसली. पहिली बस आली तशी निघून गेली.

नवऱ्याला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो पाळीवरून आला होता, हातपायही धुतले नव्हते. त्यानं टोपी घेतली आणि आपल्या मुठीवर चढवली. ती नेमकी बसली.

"मला वाटायचं तू आता त्यातून बाहेर आलीस," तो म्हणाला. "मी विषय काढला तर परत उकरल्यासारखं होईल."

"आणि मला वाटायचं तू विसरलास."

त्यानं मान हलवली, मुठीवरची टोपी तशीच ठेवून.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कपाट भरायला घेतलं. रजया फ्रिजवरून उतरल्या. बॅगा छताजवळून खाली आल्या, आणि त्यांतल्या दोन तर उघडल्यावर नुसत्याच पिशव्यांनी भरलेल्या निघाल्या. पुस्तकं पलंगाखालून निघाली, त्यांच्याबरोबर भिंगरीचे हरवलेले सगळे मोजेही. आबांनी वाटणी जाहीर केली: वरचा कप्पा मुलाचा, मधले सूनबाईचे, खालचा भिंगरीचा, कारण तिचा हात तेवढाच पोचतो. स्वतःसाठी त्यांनी एकच घेतला.

सूनबाईनं स्वेटर आणि टोपी पलंगावर ठेवली होती. लपवायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं; कुठे ठेवायची, ते ठरलं नव्हतं.

भिंगरीनं गिरकी घेता घेता स्वेटर उचलला. "हा माझा होता?"

आबांनी मुलाकडे बघितलं, मुलानं सूनबाईकडे. सूनबाई तिच्यासमोर खाली बसली. "नाही. तुझ्या आधी आम्हाला एक बाळ झालं होतं. ते जगलं नाही. त्याचा आहे."

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. हे क्वचितच घडत असे. "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगा."

"माझ्या आधी, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा?"

"हो. दोन वर्षांनी."

"मग तो माझा दादा," भिंगरीनं हिशेब लावला. तिनं स्वेटरची घडी घातली, स्वतःला येते तशी, म्हणजे चुरगळून गोळा केल्यासारखी. मग भरत आलेल्या कपाटावरून एकदा नजर फिरवली. "दादाचा कप्पा कुठला?"

मग आबा उठले, आपल्या कप्प्यातले शर्ट एका बाजूला सरकवले आणि म्हणाले, "आण इकडे. माझ्यातला अर्धा त्याला देऊ."